आठवणी लिहविणारे : मराठी स्मृतिलेखनाची एक दुर्लक्षित परंपरा



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना लिहिते केले. आजचा माझा विषय त्याच कार्याचा उत्तरार्ध आहे. मुलांना लिहिते करण्यासाठी शाळा आहे. परंतु साठी ओलांडलेल्या माणसाला लिहिते कोणी करावयाचे? कादंबरी किंवा आत्मकथन लिहू इच्छिणाऱ्या प्रौढांसाठी आता ठिकठिकाणी लेखनकार्यशाळा भरतात. ही कल्पना पश्चिमेकडून आली असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि बाह्यरूपापुरते ते खरेही आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखकांची कार्यशाळा सुरू झाली. इंग्लंडात १९६८ साली आर्व्हन या संस्थेने प्रौढांसाठी निवासी लेखनवर्गांची प्रथा पाडली. आपले लिखाण इतरांपुढे ठेवावे, त्यांचे म्हणणे ऐकावे आणि पुन्हा लिहावयास बसावे, ही तेथील रीत.

परंतु जो स्वतःहून लिहिण्यास धजत नाही, अशा प्रौढ माणसाकडून त्याची आठवण लिहवून घेण्याची विद्या मराठीत याहून कितीतरी जुनी आहे. आपल्या वाङ्मयेतिहासात लिहिणाऱ्यांची नावे आली. लिहविणाऱ्यांची दखल मात्र अभावानेच घेतली गेली. या दुसऱ्या वर्गाविषयी मी आज बोलणार आहे.

आरंभ मराठी गद्याच्या आरंभापासूनच करावा लागतो. ‘लीळाचरित्र’ हा आपला आद्य गद्य चरित्रग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाला. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून आणि ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्या साऱ्यांकडून एकेक लीळा विचारून घेतली. सांगणाऱ्यांत पंडित होते, तशा साध्यासुध्या स्त्रियाही होत्या. एकाच प्रसंगाविषयी दोघांची आठवण वेगळी पडली, तर परंपरेने एकीस खोटी ठरवून पुसून टाकले नाही. सांगणाऱ्याच्या नावानिशी पाठभेद जपला. ग्रंथ संस्कृतात रचण्याची इच्छा एका शिष्याने दर्शविली तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यास रोखले; तसे केल्यास पंथातील म्हाताऱ्या बायका ज्ञानास वंचित होतील, असा त्यांचा आक्षेप होता. विचारावे, पडताळावे आणि सांगणाऱ्याची भाषा सोडू नये, हे तीन नियम येथेच दिसतात. आजच्या कोणत्याही आठवणलेखनाच्या वर्गाला यांहून अधिक नियमांची गरज आहे असे मला वाटत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या ग्वाल्हेरीच्या अंगणातले आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. घरावरील कर्ज फिटावे म्हणून, बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार असल्याची वार्ता ऐकून, ते १८५७ साली चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. दक्षिणेच्या आशेने निघालेला हा ब्राह्मण बंडाच्या वणव्यात सापडला. महू, उज्जैन, धार, ग्वाल्हेर असे करीत ते झाशीस पोहोचले आणि १८५८ चा झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. मिळविलेले द्रव्य लुटले गेले. अखेर ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. हे सारे त्यांनी घरादारांत सांगितले असेल. लिहिले मात्र नव्हते. सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, तरुण चिंतामण विनायक वैद्य यांनी आग्रह धरला, तेव्हा कोठे ‘माझा प्रवास’ कागदावर उतरला. हेच वैद्य पुढे ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीश झाले, हा योगायोग आपल्याला अभिमानाचा वाटावा.

पण या कथेला दुसरी बाजू आहे. सरकारी रोषाच्या भीतीने हे लिखाण गोडसे यांच्या निधनानंतर, १९०७ साली प्रसिद्ध झाले, आणि तेव्हा वैद्यांनी त्याच्या मजकुरात व भाषेत बरेच फेरफार केले. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले म्हणूनच दत्तो वामन पोतदार यांना १९६६ साली गोडसे यांची खरी लेखणी वाचकांपुढे ठेवता आली. मधली सुमारे साठ वर्षे महाराष्ट्र गोडसे भटजींचे म्हणून जे वाचीत होता, त्यात वैद्यांचा हात मिसळलेला होता. ज्याने विचारले म्हणून ग्रंथ झाला, त्यानेच तो सुधारला म्हणून मूळ आवाज झाकला गेला. वैद्यांचे ऋण मान्य करूनही हे स्पष्ट म्हटले पाहिजे. लिहविणाऱ्याचा अधिकार विचारण्यापुरता असतो. सांगणाऱ्याच्या जिभेवर तो चालत नाही.

स्त्रियांच्या आत्मकथनांकडे वळल्यास हेच सूत्र आणखी ठळक होते. रमाबाई रानडे अकराव्या वर्षी, १८७३ साली, लग्न होऊन सासरी आल्या. घरातील बायकांचा विरोध सोसून न्यायमूर्तींनी त्यांना शिकविले, आणि पतिनिधनानंतर १९१० साली त्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झाल्या. लक्ष्मीबाई टिळकांनाही अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’च्या मागे त्यांचे चिरंजीव देवदत्त यांचा आग्रह होता; पण त्या ग्रंथातील बोलणे, रुसणे आणि हसणे सर्वस्वी लक्ष्मीबाईंचे राहिले. आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली आले, ते सूनबाई कावेरीबाईंनी संपादिले म्हणून. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या बायकांनी मराठीला जे सकस गद्य दिले, ते उपाध्यांनी भूषविलेल्या अनेक लेखकांनाही साधले नाही.

अलीकडच्या काळातील उदाहरण बेबी कांबळे यांचे. फलटणला छोटे दुकान चालविता चालविता त्या लिहीत, आणि लिहिलेले घरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून लपवून ठेवीत. अनेक वर्षे ते तसेच पडून होते. फलटणला स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी विचारपूस केली आणि ते उजेडात आणण्यास उत्तेजन दिले. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने ‘जिणं आमुचं’ वाचकांसमोर आले. येथे लेखिका लिहितच होती. उणीव होती ती ‘मला वाचू द्या’ असे म्हणणाऱ्या माणसाची.

कोणी म्हणेल की प्रतिभावंताला अशा माणसाची गरज नसते. मला ते पटत नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तेव्हा तिच्यासाठी त्यांनी रोज रात्री गोष्ट ऐकावयास जमणारी मित्रमंडळी कल्पिली. दया पवारांच्या १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये तर एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर बसतात, एक सांगतो, दुसरा ऐकतो. आठवण आणि कादंबरी यांच्या सीमेवरील या दोन्ही कृतींना श्रोता लागलाच. बाहेर मिळाला नाही, तर लेखकाने तो आत निर्माण केला.

आता आपल्याकडे येऊ. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून लष्कर वसले त्याला दोनशे वर्षे होऊन गेली. या अवधीत येथील मराठी घरांनी काय पाहिले, याची नोंद दरबारी कागदांत थोडी सापडेल; माजघरातली मुळीच सापडणार नाही. निवृत्तीनंतर काही वर्षे मी प्रौढांसाठी आठवणलेखनाचे वर्ग घेतले. तेथे येणाऱ्यांचा पहिला उद्गार बहुधा एकच असे : ‘सर, आमची मराठी शुद्ध नाही.’ दिवसभर हिंदीत व्यवहार करून संध्याकाळी देवघरापुढे मराठी बोलणाऱ्या माणसाची ही लाज आहे. तिच्यापायी कित्येक वह्या कोऱ्या राहिल्या. वास्तविक आपल्या बोलीत मिसळलेली हिंदी हाच आपल्या दोनशे वर्षांचा पुरावा आहे. पुणेरी प्रमाणभाषेचा रंधा तिच्यावर फिरविला, तर वैद्यांनी गोडसे यांचे जे केले तेच आपण आपल्या आजी-आजोबांचे करू.

वर्गातील दुसरा अनुभवही सांगतो. ‘आपल्या जीवनाविषयी लिहा’ असे म्हटले की लोक जन्मतारीख, शिक्षण, नोकरी व बढत्या लिहून थांबतात. ‘आपल्या घरात पहाटे प्रथम कोण उठत असे?’ एवढेच विचारले की चार पाने सहज भरतात. मोठा प्रश्न माणसाला अर्जाकडे नेतो, लहान प्रश्न घराकडे. लेखनकला शिकविता येते की नाही या वादात मी पडत नाही. नेमका प्रश्न विचारावयास मात्र निश्चित शिकविता येते.

म्हणून या व्यासपीठावरून माझी एक विनंती आहे. शाळेने आठवड्यातून एक दुपार प्रौढांसाठी राखावी. प्रत्येकाने एक वही आणावी; वाचणाऱ्याने वाचावे, इतरांनी आधी ऐकावे आणि मग विचारावे. ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी वरच्या वर्गातील मुलांनी लिहून घ्यावे. मुलांच्या मराठीचाही त्यात लाभ आहे. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही नावानिशी ठेवाव्यात. पुढे कोणी संपादन करो वा छापो, मूळ वही शाळेच्या ग्रंथालयातच राहावी, म्हणजे पुढील पिढीला पोतदारांप्रमाणे मुळाशी जाता येईल.

सांगणारी पिढी पिकली आहे आणि तिच्यासाठी थांबणे काळाला ठाऊक नाही. तेव्हा समारंभ आटोपून घरी गेल्यावर, आपल्या घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून आपण एक लहानसा प्रश्न विचारावा, इतकेच सुचवितो.