डॉक्टर गावात टिकत नाही, आणि टिकते तिला पगार नाही!

भिवंडी मुंबईपासून लांब नाही. मुंबई-नाशिक महामार्ग तालुक्यातून जातो, गोदामांपुढे रात्रंदिवस ट्रक उभे असतात. तरी याच तालुक्यातल्या कातकरी-वारली पाड्यांवरचा रुग्ण आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात आणि तिथून ठाण्या-मुंबईला धाडला जातो. माल पाड्याच्या उंबऱ्यापर्यंत येतो, डॉक्टर येत नाही. मग प्रश्न खरोखर अंतराचा आहे का?

इतिहास पाहू. 1943 मध्ये इंग्रज सरकारने भोर समिती नेमली. 1946 च्या तिच्या अहवालानुसार तेव्हा देशात साधारण 6,300 लोकांमागे एक डॉक्टर होता. नोंदणी झालेल्या सुमारे 47,500 डॉक्टरांपैकी जवळपास 30,000 पदवीधर नव्हते, ते परवानाधारक म्हणजे 'एल.एम.पी.'सारखे होते. मॅट्रिकनंतर थोड्या वर्षांत आणि कमी खर्चात होणारे हे शिक्षण. समितीने हा वर्गच बंद करून देशात एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर असावा, अशी शिफारस केली. काही सदस्यांनी विरोध नोंदवला, पण चालले बहुमताचे. त्याच 1946 साली पुण्याचे बी. जे. मेडिकल स्कूल कॉलेज झाले.

गरिबाला दुय्यम डॉक्टर का, हा युक्तिवाद समतेचाच होता आणि तो खोटा नव्हता. पण दर्जा वर नेताना वर चढायची शिडी कोणासाठी ठेवली? शिक्षण महाग आणि लांबलचक झाले. ज्याच्या घरी पैसा, ज्याचे घर शहरात, तोच डॉक्टर झाला. त्याला आज एक वर्षाच्या बंधपत्राने गावात पाठवतात, नाही गेला तर दहा लाखांचा दंड असे. दंड भरून सुटता येत असे, म्हणजे गरिबाच्या आरोग्याची किंमत ठरवून टाकली की नाही?

याच्या उलट वाट जामखेडने दाखवली. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी तिथे काम सुरू केले आणि पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केले. त्यात अनेक दलित होत्या, अनेक निरक्षर होत्या. जिच्या हातचे पाणी गावाला चालत नव्हते, तिच्याच हातात बाळंतपण आणि बाळाचे वजन आले. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे 1971 मध्ये हजारी 176 असलेला बालमृत्युदर 1996 पर्यंत 26 वर आला. या बायका गाव सोडून गेल्या नाहीत, कारण गाव त्यांचेच होते. अर्थात त्यांच्यामागे डॉक्टर आणि दवाखाना भक्कम उभा होता, हेही विसरू नये.

2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने हीच कल्पना 'आशा' म्हणून देशभर नेली. बाई गावचीच, काम सरकारचे, पण नाव 'स्वयंसेविका' आणि हाती कामागणिक मोबदला. 2013 च्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानण्याची शिफारस केली, ती तशीच पडून राहिली.

बाबासाहेबांनी 1936 मध्येच सांगितले होते की जात ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. आरोग्य खात्यात ती विभागणी रोज दिसते. वरचा माणूस गावात टिकत नाही, त्याला पगार. खालची बाई टिकते, तिला मानधन!

म्हणून मागणी दोन टोकांची हवी. आशाला कामगाराचा दर्जा, किमान वेतन आणि निवृत्तिवेतन द्या. आणि पाड्यातल्या मुलीला नर्स आणि डॉक्टर होईपर्यंत पूर्ण शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि आपल्याच तालुक्यात नोकरी द्या. 1946 मध्ये दार एका बाजूने बंद झाले. ते त्याच माणसांसाठी, दर्जा कमी न करता, उघडावे लागेल. बंधपत्राने माणूस काही काळ पाठवता येतो. टिकतो तो ज्याला गाव आपले वाटते आणि ज्याच्या श्रमाला किंमत मिळते तो.

जय भीम!