गवती चहापासून औषधी धाग्यापर्यंत

शहागडला गोदावरी येते ती पैठणवरून. पैठणच्या मागावर रेशमाबरोबर जर विणली जाई. चांदीच्या बारीक तारेला सोन्याचा मुलामा देऊन ती दोऱ्यावर गुंडाळत. सोने आणि धागा यांची ही जुनी जोडी आता औषधशास्त्रात एका निराळ्या कामासाठी जुळते आहे. तिच्या इतिहासातला एक मोलाचा दुवा पुण्यात घडला, म्हणून हे टिपण.

१८५७ मध्ये मायकेल फॅरडेने लंडनमध्ये दाखवून दिले की, माणकासारखा लाल दिसणारा द्राव म्हणजे पाण्यात तरंगणारे सोन्याचेच अतिसूक्ष्म कण होत. असे गोल कण हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून द्राव लाल दिसतो. १९०८ मध्ये गुस्टाव्ह मी याने या रंगाचे गणित मांडले. शोषलेल्या प्रकाशाची उष्णता होते. पण हिरवा प्रकाश शरीरात खोल जात नाही, तो रक्तच शोषून घेते. ७०० ते ९०० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा किंवा न दिसणारा प्रकाश त्याहून आत पोचतो. तो टिपायचा तर कणाचा आकार बदलायला हवा.

इथे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा येते. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या पातीचा काढा सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला आणि त्यातून सोन्याचे चपटे त्रिकोणी कण तयार झाले. ते अवरक्त प्रकाश शोषत होते. हे काम २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या परसातली पात या इतिहासात अशी आली.

धाग्याचा इतिहास वेगळा आहे. उच्च विद्युतदाबाने पॉलिमरच्या द्रावणातून तंतू ओढण्याच्या रीतीचे एक पेटंट आंतोन फोर्महाल्स याने १९३४ मध्ये मिळवले. आज याच रीतीने केसाहून शेकडो पट बारीक तंतू निघतात. त्यांत औषध आणि सोन्याचे कण कोंडता येतात. प्रकाश टाकला की कण तापतात, उष्णतेने पॉलिमर सैल पडतो किंवा आक्रसतो आणि औषध बाहेर येते. प्रकाश थांबवला की औषधाचा ओघ मंदावतो. गाठ काढलेल्या जागी असे तंतूंचे वस्त्र ठेवावे, म्हणजे औषध हवे तिथे आणि हवे तेव्हाच सुटेल, अशी यामागची कल्पना.

यातून उरतो शरीरात राहिलेल्या सोन्याचा प्रश्न. मुंबईच्या आयआयटीतील रोहित श्रीवास्तव यांच्या गटाने सोन्याचा लेप दिलेले, शरीरात विघटन होणारे लायपोसोम बनवून उंदरांवर तपासले. तो निबंध २०१५ चा. ते काम प्रकाशाने गाठ तापवण्याचे होते, तंतूंचे नव्हे. तरी ‘काम झाल्यावर सोने कुठे जाणार?’ या प्रश्नाला त्याने हात घातला.

सोने औषधी आहे, हे आपण सुवर्णभस्मामुळे ऐकत आलो. मला इथे फरक नोंदवावासा वाटतो. या धाग्यात सोने औषध नाही, ते औषधाच्या दाराची कडी आहे. केमोथेरपीत औषध साऱ्या अंगात फिरते आणि केस, भूक, ताकद यांचीही किंमत घेते. ते रुग्ण ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना त्या कडीचे मोल वेगळे सांगायला नको.