सैनिकी अभिलेखातून राहून गेलेली पदके: परदेशस्थ कुटुंबीयांसाठी मार्गदर्शन

थंडीच्या दिवसांत अल गराफा आणि आसपासच्या वस्त्यांतील मराठी घरांत गावाकडचे आईवडील महिना-दोन महिन्यांसाठी येतात. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर किंवा बेळगाव भागातील अनेक कुटुंबांत वडील, सासरे अथवा आजोबा लष्करात होते. रात्रीच्या जेवणानंतर १९७१ च्या लढाईचा विषय निघतो, कोणी जुने डिस्चार्ज बुक उघडते आणि लक्षात येते, की ज्या आघाडीवर वडिलांनी थंडीवाऱ्यात दिवस काढले, त्या मोहिमेच्या पदकाचा उल्लेख त्यात नाही. ‘आता एवढ्या वर्षांनी काय होणार?’ असे म्हणून वही मिटली जाते. वास्तविक बऱ्याच प्रकरणांत ही नोंद दुरुस्त होऊ शकते. मात्र त्यासाठी प्रश्न नेमका कोणता आहे, हे आधी ओळखावे लागते.

तीन प्रश्न, तीन वाटा

‘वडिलांना पदक मिळाले नाही’ या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. पहिली म्हणजे पदकाची पात्रता होती, पण अभिलेखात नोंदच झाली नाही. दुसरी म्हणजे नोंद झाली, पण ती डिस्चार्ज बुकात उतरली नाही. तिसरी म्हणजे नोंद सर्वत्र आहे, परंतु प्रत्यक्ष पदक हाती पडले नाही. पहिल्या प्रकरणात पुरावा द्यावा लागतो. दुसऱ्यात केवळ उतारा मागून दुरुस्तीची विनंती करायची असते. तिसरे प्रकरण वितरणाचे असते. भारतीय लष्करात लाखो पदकांचे वितरण बरीच वर्षे थकले होते आणि अनेक जवानांनी गणवेशावर लावण्यासाठी बाजारातून प्रतिकृती विकत घेतल्या होत्या. त्यामुळे पदक घरात नाही म्हणून नोंदही नाही, असे गृहीत धरू नये. आणि घरात पदक आहे म्हणून नोंद आहे, असेही नव्हे.

शौर्यपदक आणि सेवापदक यांतील भेद

परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र आणि शौर्यासाठीचे सेना मेडल ही पदके शिफारशीवरून दिली जातात आणि त्यांची अधिसूचना भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होते. पराक्रम कितीही मोठा असला, तरी त्या काळी शिफारस झाली नसेल, तर कुटुंबाच्या अर्जावरून आज असे पदक मिळत नाही. मात्र राजपत्रात नाव असूनही अभिलेखात वा निवृत्तिवेतनाच्या कागदांत ते नसेल, तर दुरुस्तीचा आग्रह धरावा, कारण येथे आर्थिक हक्कही गुंतलेला असतो. १ ऑगस्ट २०१७ पासून लागू झालेल्या दरांनुसार परमवीर चक्रास दरमहा २०,००० रुपये, महावीर चक्रास १०,०००, वीर चक्रास ७,००० आणि शौर्यासाठीच्या सेना मेडलला २,००० रुपये भत्ता ठरला. पदकधारकाच्या पश्चात तो पत्नीस मिळतो.

सेवापदकांचे तसे नाही. विशिष्ट काळात, विशिष्ट क्षेत्रात सेवा केलेल्या प्रत्येकास ती नियमानुसार देय असतात. १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, तर १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही त्यांची ठळक उदाहरणे होत. काही पदकांवर मोहिमेच्या नावाची पट्टी असते. १९४७ च्या जनरल सर्व्हिस मेडलवर ‘जम्मू-काश्मीर १९४७–४८’, ‘नागा हिल्स’, ‘गोवा १९६१’, ‘लडाख १९६२’ अशा पट्ट्या होत्या. म्हणून कधी पदकाची नोंद असते आणि केवळ पट्टीची राहिलेली असते, हेही तपासावे. युद्ध वा मोहिमेच्या सेवापदकांना मासिक भत्ता नसतो. त्यांचे मोल सेवेच्या अधिकृत साक्षीत आहे.

नोंद का सुटते?

पहिले कारण काळाचे. पदके बहुधा युद्धानंतर काही काळाने स्थापन होतात. परमवीर चक्राचीच स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाले. १९७१ ची पदकेही युद्ध संपल्यानंतर जाहीर झाली. दरम्यान जो जवान निवृत्त झाला वा दुसऱ्या तुकडीत गेला, त्याचे नाव यादीतून सुटणे सोपे होते.

दुसरे कारण कार्यपद्धतीचे. जवानाच्या सेवेतील बदली, बढती, विवाह, पदक अशा घटना त्याची पलटण ‘पार्ट टू ऑर्डर’द्वारे कळवते आणि त्यावरून रेकॉर्ड ऑफिस त्याच्या शीट रोलमध्ये नोंद करते. जवान अन्य तुकडीशी संलग्न असेल, रुग्णालयात असेल किंवा अभ्यासक्रमाला गेला असेल, तर हा आदेश कोणी काढायचा, या गोंधळात तो निघतच नसे.

तिसरे कारण नावाचे. ‘जाधव’ हे आडनाव इंग्रजीत एका कागदावर ‘व्ही’ने, तर दुसऱ्यावर ‘ओ’ने संपते. कोठे आडनाव आधी, कोठे वडिलांचे नाव गाळलेले. अशा वेळी सैनिक क्रमांक हाच खरा आधार. क्रमांकाच्या शेवटी असलेले अक्षरही तंतोतंत लिहावे.

कोणत्या रेकॉर्ड ऑफिसकडे जावे?

जवान व कनिष्ठ आयुक्त अधिकारी यांचे अभिलेख त्यांच्या रेजिमेंट वा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठी कुटुंबांना लागणारी प्रमुख ठिकाणे अशी:

• मराठा लाइट इन्फंट्री: बेळगाव
• महार रेजिमेंट: सागर, मध्य प्रदेश
• बॉम्बे इंजिनिअर ग्रुप: खडकी, पुणे
• तोफखाना: नाशिक रोड कॅम्प
• चिलखती दल: अहिल्यानगर
• ब्रिगेड ऑफ द गार्ड्स: कामठी
• सिग्नल्स: जबलपूर
• ईएमई: सिकंदराबाद
• पॅराशूट रेजिमेंट: बंगळूरु
• नौसैनिक: ब्युरो ऑफ सेलर्स, मानखुर्द, मुंबई
• वायुसैनिक: एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस, सुब्रतो पार्क, नवी दिल्ली

लष्करातील आयुक्त अधिकाऱ्यांचे अभिलेख दिल्लीतील सेना मुख्यालयाच्या अखत्यारीत असतात.

येथे एक सावधगिरी हवी. पलटणींची रेजिमेंट बदललेली असू शकते. १९४४ मध्ये इटलीत धारातीर्थी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे ज्या तिसऱ्या मराठा पलटणीत होते, ती पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली. डिसेंबर १९७१ मध्ये टांगाईलजवळ पुंगली पुलापाशी याच २ पॅराला पहिली मराठा पलटण, म्हणजे ‘जंगी पलटण’, येऊन मिळाली. मूळ मराठा वारशाच्या या दोन पलटणी एकाच लढाईत होत्या. पण एकीच्या जवानाची चौकशी बेळगावला, तर दुसरीच्या जवानाची बंगळूरुला करावी लागते. २१ मराठाही १९९६ मध्ये पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये रूपांतरित झाली. म्हणून ‘वडील मराठा पलटणीत होते’ एवढ्यावर न थांबता निवृत्तीच्या वेळची तुकडी पाहावी.

आधी घरातला पुरावा

अर्जापूर्वी पुढील कागद जमवून त्यांच्या स्वच्छ प्रती काढाव्यात: डिस्चार्ज बुकाची सर्व पाने, निवृत्तिवेतन आदेश म्हणजे पीपीओ, माजी सैनिक ओळखपत्र, जुनी पत्रे, मागे तारीख असलेली छायाचित्रे, रुग्णालयाचे कागद. घरात पदके असतील, तर त्यांच्या कडेवर कोरलेला क्रमांक, हुद्दा व नाव भिंगाखाली वाचून टिपून घ्यावे.

याहून मोलाचा पुरावा म्हणजे वडिलांची स्मृती. कोणत्या कंपनीत होते, कमांडिंग ऑफिसर कोण, कोणत्या महिन्यात कोठे तळ होता, सोबत कोण होते, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. सोबतचा एखादा जवान हयात असेल आणि त्याच काळासाठी त्याला ते पदक मिळाले असेल, तर त्याच्या डिस्चार्ज बुकाची प्रत व त्याचे निवेदन फार उपयोगी ठरते. १९७१ मध्ये विशीत असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे. हे काम पुढच्या सुटीवर टाकू नये.

अर्ज कसा करावा?

सैनिक हयात असल्यास अर्ज त्यांच्याच सहीने जावा; पश्चात पत्नीच्या आणि तीही नसल्यास वारसाच्या. भाषा इंग्रजी वा हिंदी ठेवावी. मजकूर थोडक्यात असा असावा:

‘मी, क्रमांक ____, हुद्दा ____, नाव ____, दिनांक ____ ते ____ या काळात ____ तुकडीत सेवेत होतो. दिनांक ____ ते ____ या दरम्यान माझी तुकडी ____ क्षेत्रात होती. या सेवेसाठी देय असलेल्या ____ पदकाची नोंद माझ्या डिस्चार्ज बुकात नाही. कृपया माझा शीट रोल तपासून नोंद आहे किंवा नाही ते कळवावे. नोंद असल्यास डिस्चार्ज बुकात ती घ्यावी. नसल्यास सोबतच्या पुराव्यांच्या आधारे पुढील कार्यवाही करावी. पदक प्रत्यक्ष दिले गेले नसल्यास तेही द्यावे.’

एका अर्जात तीनही प्रश्न विचारल्याने उत्तर टाळता येत नाही. अर्ज स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी. मूळ डिस्चार्ज बुक मागितल्याशिवाय पाठवू नये. गावाकडील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज गेल्यास कागदपत्रांची पडताळणी तेथेच होते, हा आणखी एक लाभ.

कतारमधून करावयाची कामे

आईवडील दोह्यात असतानाच प्रतिज्ञापत्र वा मुखत्यारपत्र करावयाचे असेल, तर भारतीय दूतावासातील वाणिज्यदूत अधिकाऱ्यासमोर सही करता येते. १९४८ च्या कायद्याने या अधिकाऱ्यांना शपथ देण्याचे व नोटरीचे अधिकार आहेत. असे मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. गावाकडील भाऊ अथवा पुतण्या पाठपुरावा करणार असेल, तर हे विसरू नये.

दूरध्वनीसाठी शुक्रवार सोयीचा. त्या दिवशी कतारमध्ये सुटी असते आणि भारतातील कार्यालये चालू असतात. भारतात सकाळचे दहा वाजतात, तेव्हा दोह्यात साडेसात झालेले असतात.

उत्तर न आल्यास

पहिली पायरी स्मरणपत्राची, दुसरी केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार निवारण संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्याची. तिसरी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याची. ऑनलाइन अर्जाचे शुल्क दहा रुपये असून उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. हा अधिकार केवळ भारतीय नागरिकांना आहे; परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डधारकांना नाही. शिवाय दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून मुलाचा अर्ज नाकारला जाऊ शकतो. म्हणून येथेही सैनिकाने वा त्याच्या पत्नीने स्वतःच्या नावे अर्ज करणे श्रेयस्कर. मागणी नेमकी असावी: शीट रोलची प्रत आणि पदकांसंबंधीच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत.

अखेरचा मार्ग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. रेकॉर्ड ऑफिसच्या अंतिम आदेशापासून साधारण सहा महिन्यांची मुदत असते आणि सबळ कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो. तेथे जाण्यापूर्वी लष्करी सेवाविषयक प्रकरणे हाताळणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा. अमेरिकेत अशा दुरुस्त्यांसाठी स्वतंत्र मंडळे आहेत. भारतात तशी यंत्रणा नसल्याने रेकॉर्ड ऑफिसशी झालेला लेखी पत्रव्यवहार हाच पुढील प्रत्येक पायरीचा पाया ठरतो.

कागद कायमचे राहत नाहीत

निवृत्तिवेतनाविना सेवामुक्त झालेल्या जवानांचे कागद पंचवीस वर्षांनंतर नियमानुसार नष्ट केल्याचे न्यायाधिकरणापुढील अनेक प्रकरणांत दिसून आले आहे. अशा वेळी ‘लाँग रोल’ या कायमस्वरूपी नोंदवहीतील उतारा मागावा. तो त्रोटक असला, तरी सेवेचा काळ त्यावरून सिद्ध होतो. निवृत्तिवेतनधारकांची स्थिती याहून बरी असली, तरी निर्धास्त राहू नये.

आजोबा स्वातंत्र्यपूर्व काळातील सैनिक असतील, तर शौर्यपदकांसाठी ‘लंडन गॅझेट’चे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. युद्धात मृत्यू पावलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत शोधता येतात.

पडताळणीनंतर ‘पात्रता नाही’ असेही उत्तर येऊ शकते, कारण क्षेत्र वा तारखा नियमात बसत नसतात. ते उत्तर लेखी घ्यावे आणि वडिलांना नीट समजावून सांगावे. मात्र पात्रता असूनही नोंद राहिली असेल, तर ती दुरुस्त झाल्याचे पत्र त्यांनी स्वतः वाचावे, इतक्या वेळेत हे काम व्हावे. त्याची सुरुवात डिस्चार्ज बुकाच्या पदकांच्या पानापासून करावी, आणि तीही ते परतीच्या विमानात बसण्यापूर्वी.