नटाचे अंग, नटाचा दम

नाशिकचे विजयानंद नाट्यगृह इतिहासात नोंदले गेले ते २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीमुळे. किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘शारदा’चा प्रयोग होता आणि तिथेच अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. हा प्रसंग शाळेच्या पुस्तकातही आहे. पण त्या रंगमंचावर उभे राहणारे नट रात्र रात्र काय कष्ट उपसत होते, हे कुणी फारसे लिहिले नाही. ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पद ऐकू जायला हवे, तेही शब्दासकट. वन्समोअर आला की तेच पद पुन्हा, तितक्याच जोमाने. शिवाय स्त्रीपार्टी नटाला नऊवारी नेसून बाईची चाल, बाईचे बसणे-उठणे पहाटेपर्यंत सांभाळायचे. हे काम अंगमेहनतीचे होते.

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण नाटकांच्या नावांनी आणि सालांनी मोजतो. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’, १८८० मध्ये पुण्याला अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’. भाव्यांच्या खेळात पदे मुख्यतः सूत्रधार म्हणे. राक्षसपार्टीकडे आरडाओरडा, उड्या आणि तलवारीचे हात असत. अरुंद जागेत, मिणमिणत्या उजेडात तलवार फिरवायची आणि समोरच्याला इजा होऊ द्यायची नाही, हे कसब छापील संहितेत उतरत नाही.

त्याही आधीच्या तमाशाच्या फडाला तर पडदाही नव्हता. झीलकऱ्याने सूर उंच धरायचा, नाच्याने ढोलकीच्या बोलाला पायाने उत्तर द्यायचे. उत्तर पेशवाईतले सगनभाऊ याच परंपरेतले मोठे शाहीर. ते मुसलमान, आणि धंद्याने शिकलगार. हत्यारांना धार लावणारे. त्यांच्या लावण्या आज आपण वाचतो. फडात त्या उभ्या कशा राहत, हे मात्र त्या फडाबरोबरच गेले.

संगीत नाटकातला दम कुठून आला, याचाही शोध घेतला पाहिजे. १९१६ च्या ‘स्वयंवर’ला चाली दिल्या भास्करबुवा बखले यांनी. बालगंधर्व त्यांचेच शिष्य. आणि भास्करबुवा शिकले ते फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्यापाशी. श्वास कुठे घ्यायचा, कुठे राखून ठेवायचा, तान संपवून समेवर कसे यायचे, ही शिस्त उस्तादांच्या तालमीतून बखलेबुवांकडे आणि त्यांच्याकडून नटाच्या छातीत उतरली. पुढे गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. रंगमंचावर रुक्मिणी आणि साथीला खाँसाहेब, यात प्रेक्षकाला काही वावगे वाटत नसे. मराठी रंगभूमीतला मुसलमानांचा वाटा शोधताना आपण नाटककारांची यादी पाहतो आणि ती तोकडी वाटते. पण हा वाटा गळ्यात आणि हातात होता. कागदावर शोधून तो कसा सापडणार?

अंगात मुरलेली अशी विद्या नाशिक जिल्ह्यात अजून पाहायला मिळते. पेठ, सुरगाणा भागातल्या आदिवासी पाड्यांवर बोहाडा होतो. सोंग घेणाऱ्याचा चेहरा मुखवट्याखाली झाकलेला असतो. डोळे, ओठ, भुवया, सगळेच गेले. मग राक्षस की देव, हे सांगायचे पायांनी, खांद्यांनी आणि मानेने, संबळाच्या तालावर, डोक्यावरचा भार तोलत. हे शिकवणारे पुस्तक नाही. पोरगे थोरांच्या मागे नाचते आणि शिकते.

चित्रपट आणि ध्वनिक्षेपक आल्यावर त्या जुन्या दमाची गरज उरली नाही, आणि गरज सरली की विद्या जाते. शब्द छापून ठेवता आले, म्हणून शाहीर उरले. झीलकरी, नाच्या आणि तलवारीचे हात करणारा राक्षसपार्टी उरले नाहीत. आपल्या गावातल्या एखाद्या वृद्ध ढोलकीवाल्याला किंवा सोंगाड्याला त्याचे कसब विचारून लिहून ठेवले, तर निदान यापुढचे तरी हरवणार नाही.