चाकांचा आवाज आणि मुळशीची झोंप

२ ऑक्टोबर २०२२ रोजीं, मध्यरात्र उलटून एक वाजण्याच्या सुमारास, पुण्याच्या पश्चिम वेशीवरील चांदणी चौकांतला जुना पूल स्फोटकें लावून पाडण्यांत आला. त्यासाठीं महामार्गावरची रहदारी कांहीं तास थांबविण्यांत आली होती. कांहीं सेकंदांच्या त्या धडाक्याची वार्ता दुसऱ्या दिवशीं घरोघर पोहोंचली. पुढें १२ ऑगस्ट २०२३ रोजीं तेथें नव्या पुलांचें उद्घाटन झालें आणि मुंबई-बंगळूर मार्गावरील वाहनांचा ओघ मोकळा झाला. एका रात्रीच्या एका आवाजाची अशी नोंद झाली; परंतु त्याच ठिकाणीं प्रत्येक रात्रीं जो आवाज चालूं असतो, त्याची नोंद कोणत्याहि वार्तेंत होत नाहीं. त्याविषयीं विचारलें असतां जवळपास राहणारा माणूस बहुधा इतकेंच म्हणतो, कीं आतां सवय झाली आहे.

ही सवय खरी काय? आणि झाली असल्यास ती कोणास झाली, मनास कीं देहास? चांदणी चौकापलीकडे पसरलेल्या मुळशी तालुक्याच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासांत या प्रश्नाचा विचार करण्याजोगी सामुग्री पुष्कळ आहे. मात्र आरंभ फार दूरच्या एका शहरापासून करावा लागतो.

इसवी सनापूर्वीं ४५ च्या सुमारास रोममध्यें ज्यूलियस सीझरच्या नांवानें ओळखला जाणारा एक कायदा झाला. शहराचे रस्ते अरुंद आणि गर्दी अफाट. म्हणून सूर्योदयापासून उतरत्या दुपारपर्यंत बहुतेक मालगाड्यांना शहरांत मज्जाव करण्यांत आला. दिवसाची अडचण दूर झाली खरी, पण ती रात्रीच्या माथीं बसली. माल तर आलाच पाहिजे होता. मग लोखंडी धांवांच्या गाड्या दगडी फरसावरून रात्रभर खडखडूं लागल्या. सुमारें दीडशें वर्षांनंतर जुव्हेनल या उपहासकवीनें रोममधील गरिबांच्या निद्रानाशाचें गाऱ्हाणें आपल्या काव्यांत मांडलें. रहदारीचा आवाज नाहींसा होत नसून, जेथें तक्रार कमी तेथें तो ढकलला जातो, ही गोष्ट इतक्या जुन्या काळापासून दिसून येते. निजलेला माणूस तक्रार करूं शकत नाहीं. म्हणून तो आवाज बहुधा त्याच्याच वांट्यास येतो.

मुळशीचें खोरें हें भाताचें खोरें. सह्याद्रीच्या माथ्यावरून कोंकणांत उतरणाऱ्या घाटवाटांनीं ओझ्याचे बैल व माणसें जात-येत. उन्हाळ्यांत थंडाव्यासाठीं बैलगाड्या रात्रीं हांकण्याची चाल महाराष्ट्रांत सर्वत्र होती. तेव्हां त्या काळची रात्र अगदीं मुकी होती असें म्हणतां यावयाचें नाहीं. पण बैलाच्या चालीचा तो आवाज हळूहळू जवळ येई आणि हळूहळू दूर जाई. १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें अशी आगगाडी सुरू झाली, १८५८ सालीं खंडाळा ते पुणें हा टप्पा उघडला आणि १८६३ सालीं बोरघाटाचा मार्ग पुरा झाला. हा लोहमार्ग मुळशीच्या उत्तरेनें गेला. इंजिनाची शीळ लोणावळ्यानें ऐकली. मुळशीचें खोरें बाजूलाच राहिलें.

त्या खोऱ्यांत रूळ आले ते धरणाच्या कामासाठीं. मुंबईस वीज पुरविण्याकरितां टाटा कंपनीनें मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्यास घेतलें. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रहास आरंभ केला. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापति ही पदवी लोकांनीं दिली ती याच लढ्यांत. १९२४ च्या डिसेंबरांत बापट व त्यांच्या साथीदारांनीं धरणाच्या कामाची आगगाडी रुळांवर दगड रचून अडविली आणि त्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. लढा हरला. धरण उभें राहिलें, १९२७ सालीं भिऱ्याचें वीजगृह चालूं झालें आणि सह्याद्रीच्या पाण्यावर निर्माण झालेली टाटांची वीज मुंबईच्या गिरण्या, ट्रामगाड्या व लोकल गाड्या चालवूं लागली. मुंबईचीं चाकें फिरावींत म्हणून मुळशीनें आपली जमीन गमावली.

त्या लढ्यांतील एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. काय काय जाणार, याची यादी लोकांजवळ होती. शेत, घर, देऊळ, आमराई, पूर्वजांचीं स्थानें, या प्रत्येकास नांव होतें, मोजमाप होतें, आणि पुरेशी असो वा नसो, किंमत ठरविण्याचा व्यवहार होता. रात्रीच्या शांततेचा उल्लेख त्या यादींत असण्याचें कारणच नव्हतें. ती जाऊं शकते, हें त्या वेळीं कोणाच्या मनांतहि येण्यासारखें नव्हतें.

परंतु त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकास आवाजाचें मोजमाप सुरू झालें होतें. न्यूयॉर्कमध्यें जूलिया बार्नेट राइस या बाईंनीं हडसन नदीवरील बोटींच्या शिट्यांनीं रात्रीं झोंप मोडते हें पाहून विद्यार्थ्यांकरवीं त्या शिट्या मोजविल्या. तीं टिपणें घेऊन त्यांनीं अधिकाऱ्यांकडे दाद मागितली आणि १९०६ सालीं अनावश्यक गोंगाटाविरुद्ध एक संस्थाच स्थापन केली. इस्पितळांतील रोग्यांची झोंप हा त्यांच्या बाजूचा मुख्य मुद्दा होता. पुढें टेलिफोनच्या तारांवर काम करणाऱ्या अमेरिकन संशोधकांनीं १९२० नंतरच्या दशकांत डेसिबेल हें माप रूढ केलें, आणि १९२९ सालीं न्यूयॉर्क शहरानें नेमलेल्या समितीनें मोटारींत यंत्रें घालून रस्त्यारस्त्यांवरील आवाज मोजला. नागरिकांच्या तक्रारींत सर्वांत मोठा वांटा रहदारीचा निघाला.

डेसिबेल हें माप समजण्यास थोडें अवघड आहे. तें साध्या बेरजेचें माप नव्हे. दहा डेसिबेल वाढले म्हणजे आवाजाची शक्ति दसपट होते, आणि कानास तो सुमारें दुप्पट मोठा वाटतो. रस्त्यावरचीं वाहनें दुप्पट झालीं तर सरासरी आवाज तीनच डेसिबेलांनीं वाढतो. म्हणून वर्षामागून वर्षें वाहनें वाढत जातात आणि आवाज फारसा वाढलासा वाटत नाहीं. सवयीचा पहिला भास येथेंच उत्पन्न होतो.

आतां त्या सवयीकडे वळूं. डोळ्यास पापणी आहे, कानास नाहीं. माणूस निजला तरी त्याचा कान जागाच असतो, आणि येणारा आवाज मेंदूपर्यंत पोहोंचतच राहतो. अरण्यांत राहणाऱ्या मनुष्याचें रात्रीच्या श्वापदापासून रक्षण व्हावें, या दृष्टीनें ही योजना उपयोगाची होती. अकस्मात् आवाज आला कीं ॲड्रिनॅलिन व कॉर्टिझॉल हीं द्रव्यें रक्तांत वाढतात, नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकुंचित होतात व रक्तदाब चढतो. देह पळण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीस लागतो. धोका नाहीं असें ठरलें कीं सारें पूर्ववत् होतें. परंतु मालमोटारीचा कर्णा, गतिरोधकावरचा दणका, घाटांत गिअर बदलतांनाचा घरघराट, असें रात्रींतून वीस-तीस वेळां घडलें तर? अशा वेळीं गाढ झोंप उथळ होते. पण माणूस पूर्ण जागा होतोच असें नाहीं, आणि सकाळीं त्यास कांहीं आठवतहि नाहीं.

युरोपांतील चार मोठ्या विमानतळांजवळ राहणाऱ्या १४० माणसांचा रक्तदाब झोंपेंत मोजण्यांत आला. तो अभ्यास २००८ सालीं प्रसिद्ध झाला. विमानाचा आवाज आला कीं, झोंप मोडली नाहीं तरीहि, वरचा रक्तदाब सरासरीनें पाऱ्याच्या सुमारें ६ मिलिमीटरांनीं चढे. रस्त्यावरील वाहनांच्या आवाजानेंहि तसेंच घडे. निद्रेच्या प्रयोगशाळांतूनहि असें दिसून आलें आहे, कीं रोजच्या आवाजानें जागें होण्याचें प्रमाण कांहीं रात्रींनंतर घटतें, पण हृदयाची धडधड जवळजवळ तशीच राहते. म्हणजे सवय मनास होते, हृदयास होत नाहीं. “आम्हांस आतां ऐकूं येत नाहीं” हें वाक्य खोटें नव्हे. तें अपुरें आहे.

याचा परिणाम वर्षानुवर्षें सांचत जातो. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं युरोपकरितां रात्रीच्या आवाजाची मर्यादा घराबाहेर ४० डेसिबेल असावी असें सुचविलें. २०१८ सालीं तिनें रस्त्यावरील रहदारीकरितां रात्रीची मर्यादा ४५ डेसिबेल सांगितली. त्याच वेळीं सर्व अभ्यास एकत्र तोलून असा निष्कर्ष काढण्यांत आला, कीं दिवस व रात्र मिळून सरासरी ५३ डेसिबेलांच्या पुढें दर १० डेसिबेलांमागें हृदयाचा रक्तपुरवठा खुंटण्याच्या विकाराचा धोका सुमारें ८ टक्क्यांनीं वाढतो. रस्त्याजवळ राहणाऱ्यास धूरहि सोसावा लागतो. म्हणून धुराचा परिणाम निराळा काढून हा हिशेब करण्याचा प्रयत्न संशोधकांनीं केला आहे. ८ टक्के हा आंकडा एका माणसापुरता लहान वाटेल. पण हजारों घरें ज्या रस्त्याकांठीं वसलीं आहेत, तेथें तो लहान राहत नाहीं.

मुळशी तालुक्याची स्थिति आज अशीच आहे. तालुक्याच्या पूर्व कडेनें पुण्याचा बाह्यवळण महामार्ग जातो आणि बावधन, सूस, म्हाळुंगे हीं एके काळचीं खेडीं त्याच्या कडेस शहराप्रमाणें वाढलीं आहेत. २०२१ सालीं तीं पुणें महानगरपालिकेंत समाविष्ट झालीं. उत्तरेस हिंजवडी व माण येथें संगणक-उद्योगांची नगरी उठली. पश्चिमेस भूगांव, भुकूम, पिरंगुट, पौड यांना ओवीत जाणारा रस्ता ताम्हिणी घाटानें कोंकणांत उतरतो. शंभर वर्षांपूर्वीं मुळशीच्या पाण्यानें दूरचीं चाकें फिरविलीं. आतां चाकें तिच्या उशापाशीं आलीं आहेत.

डोंगराळ मुलखाची एक अडचण आणखी आहे. निरभ्र रात्रीं जमीन लवकर निवते, थंड हवा खोऱ्याच्या तळाशीं बसते आणि तिच्या वर उबदार हवेचा थर राहतो. अशा वेळीं आवाज वर निघून न जातां पुन्हां जमिनीकडे वळतो व दूरवर ऐकूं येतो. दिवसां जो रस्ता जाणवत नाहीं, तो हिंवाळ्याच्या रात्रीं अंगणांत आल्यासारखा वाटतो, याचें कारण हेंच.

कायदा नाहीं असें नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांत दिवसां ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल अशी मर्यादा घातली. रात्र म्हणजे दहा ते सकाळीं सहा. सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं निवासी भागांत रात्रीं कर्णा वाजविण्यास मनाई केली आणि २०१० सालीं ती नियमांतच आली. मुंबई उच्च न्यायालयानें २०१६ सालीं राज्यांतील मोठ्या शहरांतील आवाजाचे नकाशे करण्याविषयीं आदेश दिले. तरीहि एक उणीव राहते. लाउडस्पीकरास मालक असतो. पोलिसांनीं जाऊन तो बंद करतां येतो. रस्त्याच्या घरघराटास मालक नाहीं. प्रत्येक गाडी क्षणभरच समोरून जाते, आणि क्षणभराच्या अपराधाबद्दल कोणास धरावयाचें? शिवाय हिंजवडींत कित्येक तरुण परदेशांतील घड्याळाप्रमाणें रात्रभर काम करून दिवसां निजतात. त्यांची रात्र कायद्याच्या रात्रींत बसत नाहीं.

जपानांत या प्रश्नाचें उत्तर न्यायालयांत मिळालें. ओसाका व कोबे यांमधील ४३ क्रमांकाच्या राष्ट्रीय मार्गाकांठच्या रहिवाशांनीं १९७६ सालीं दावा दाखल केला. १९९५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें त्यांना नुकसानभरपाई मंजूर केली. अपराधी एक गाडी नसून रस्ता बांधणारे व चालविणारे जबाबदार आहेत, हें त्या निकालानें मान्य झालें. युरोपीय संघानें २००२ सालीं मोठ्या रस्त्यांचे ध्वनि-नकाशे करणें सक्तीचें केलें. उपायहि गूढ नाहींत. वेग वाढला कीं इंजिनापेक्षां टायरांचाच आवाज अधिक होतो. म्हणून गुळगुळीत डांबर व रात्रींचा कमी वेग यांनीं लगेच फरक पडतो. झाडांची एखादी रांग डोळ्यास बरी, पण आवाज अडविते ती भरीव भिंत. घर बांधतांना निजण्याची खोली रस्त्याच्या विरुद्ध बाजूस ठेवणें हा तर अल्प खर्चाचा उपाय आहे.

रस्ते नकोत असें कोणी म्हणणार नाहीं. ताम्हिणीच्या वाटेनें कोंकण जवळ आलें, हिंजवडीनें हजारों घरांत अन्न आलें. परंतु नवा रस्ता आंखतांना भूसंपादनाच्या कागदांत जसे शेत, विहीर व झाड लिहिलें जातें, तसा त्या रस्त्याकांठच्या रात्रींचा आवाजहि आधीं मोजून लिहिला गेला पाहिजे. मुळशीच्या मावळ्यांना निदान आपलें काय गेलें तें सांगतां येत होतें. आजच्या रहिवाशास तें सांगतां येत नाहीं, कारण तो त्या वेळीं निजलेला असतो, आणि सकाळीं उठून सवय झाली असें म्हणतो.