जामखेडचे डॉ. आरोळे
डॉ. रजनीकांत आरोळे (1934–2011) यांनी पत्नी डॉ. मेबल यांच्यासह 1970 मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण वेल्लोरला झाले होते. दवाखान्यात बरी होऊन घरी गेलेली मुले गढूळ पाणी आणि अर्धपोटी जगणे यांमुळे पुन्हा आजारी पडत. म्हणून गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर आणि अनेक दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी पाजणे, स्वच्छ हातांनी बाळंतपण करणे, कुष्ठरोगाचा बधिर चट्टा ओळखणे ही कामे त्या गावातच करू लागल्या. प्रकल्पाचे खरे बळ त्याच होत्या. दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तर 1990 मध्ये डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण.