एक कवी, दोन वार्षिकं

मंडळी, आज आपण एका वार्षिकाबद्दल बोलणार आहोत. नाव 'शेक्सपिअर यारबुख'. यारबुख म्हणजे वार्षिक ग्रंथ. एकाच कवीला वाहिलेला, तोही इंग्रज कवी. पण निघतो जर्मनीत, १८६५पासून.

जर्मनीत का? शेक्सपिअरच्या जन्माला तीनशे वर्षं झाली, तेव्हा २३ एप्रिल १८६४ला वायमार गावात त्याच्या नावानं संस्था निघाली. पुढाकार विल्हेल्म ओशेलहॉयझर या गॅसकंपनी चालवणाऱ्या उद्योगपतीचा. जर्मनी तेव्हा एक देशही नव्हता, ते झालं १८७१मध्ये. पण श्लेगेल-टीक यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या भाषांतरांतून शेक्सपिअर तिथं घरचाच झाला होता. परका नाटककार असा आपलासा करणं आपल्याला नवं नाही म्हणा. आगरकरांचं 'विकारविलसित' आठवा, देवलांचा 'झुंझारराव' आठवा.

यारबुखात संशोधनपर लेख असत, ग्रंथसूची असे, आणि जर्मन रंगभूमीवर शेक्सपिअरची कोणती नाटकं झाली त्याच्या नोंदीही असत. आम्हाला विचाराल तर या रुक्ष नोंदीच आज सगळ्यात मोलाच्या.

पण 'आपला' म्हटलं की कवीवर हक्क सांगणं आलं. पहिलं महायुद्ध पेटलं, शेक्सपिअरचा देश शत्रू झाला. तेव्हा १९१५च्या अंकात नाटककार गेरहार्ट हाउप्टमान यांचं भाषण छापलं गेलं. त्यांचा दावा असा, की शेक्सपिअर जन्मला आणि पुरला गेला इंग्लंडात, पण खरा जगतो तो जर्मनीत! पुढं १९३७च्या अंकात हान्स ग्युंटर हे गृहस्थ शेक्सपिअरच्या नायिकांवर लिहितात. हे साहित्याचे अभ्यासक नव्हेत, नाझी वंशशास्त्राचे प्रवर्तक. विद्वानांच्या वार्षिकात त्यांना जागा मिळते, ही गोष्ट आपण सहज ओलांडून जाऊ नये.

मग जर्मनीचे दोन देश झाले, १९६१ला बर्लिनची भिंत उभी राहिली. वायमार पूर्वेत. पश्चिमेकडच्या सभासदांनी १९६३मध्ये बोखुमला वेगळी संस्था काढली. म्हणजे ज्या चारशेव्या जयंतीला एकत्र यायचं, तिच्या तोंडावरच घर फुटलं. वार्षिकंही दोन झाली. वायमारनं जुना खंडक्रमांक पुढं चालवला. पश्चिमेचा अंक नुसत्या सालानं ओळखला जाऊ लागला. पूर्वेत मार्क्सवादी दृष्टीनं वाचन होई, पण म्हणून तिथला अभ्यास पोकळ होता असं समजू नका. रोबर्ट वायमान यांनी १९६७मध्ये शेक्सपिअरला लोकरंगभूमीच्या परंपरेत बसवून दाखवलं, आणि ते पुस्तक पाश्चात्त्य अभ्यासकांनाही टाळता आलं नाही.

१९९३मध्ये दोन्ही संस्था एक झाल्या. एकत्रित वार्षिकाचा तो १२९वा खंड, मोजणी वायमारची. त्यामुळं १९६५ ते १९९२ या काळातला जर्मन शेक्सपिअर-अभ्यास ज्याला बघायचाय, त्यानं ग्रंथालयात दोन वेगवेगळे संच मागवावे लागतात.